धाकट्या महालक्ष्मीची भुवई

तुळसा तेल्हारीण हिच्यावर अन्याय झाला. कापसाचा भाव कोसळला त्याच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, महालक्ष्म्या जेवतात त्या दिवशी, पंगती उठून माणसांनी विडे तोंडात घातले होते तेव्हा, अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठी. करणारे कोण ते मला ठाऊक आहे. त्यांतला एक मी.

सणाच्या या पुस्तकासाठी मला धंद्यातल्या चार गमती लिहायला सांगितल्या आहेत. माझा धंदा सगळ्यांना माहीत आहे तो पत्रकांचा. शिळाछापावर मोठी अक्षरं काढायची, हुंड्यावर, खोट्या सोवळ्यावर ओरडायचं आणि बाजारात फुकट वाटायचं. त्यात गमती फार नाहीत, शिव्या आहेत. पण त्याआधी चार वर्षं मी मातीच्या देवांचे डोळे रंगवत होतो. माझ्या वयाच्या माणसानं जुन्या दिवसांसाठी हळहळावं हे हास्यास्पद आहे, पण ते दिवस आठवले की हळहळतोच. त्या मातीचा वास अजून येतो. म्हणून त्याच धंद्याचं सांगतो.

आधी फड. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली, तिथला कापूस अडकला, आणि आमच्या काळ्या मातीतलं बोंड एकदम मानाचं झालं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग गावाबाहेर जाई. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. कालपर्यंत घोंगडी पांघरणारे रेशमी उपरणं सांभाळत चालू लागले. जिथे असा माल उतरतो तिथे तमाशाचा फड उतरतोच. बाजारालगतच्या मोकळ्या जागेत तो दिवसाउजेडी उभा राही, कारण गाडीवानांना परत निघायचं असे. मी फडाच्या जाहिराती लिहायचो. विशी नुकती गाठली होती आणि अक्षर चांगलं होतं.

तुळसा त्या फडातली मुख्य बाई. तेल्हाऱ्याच्या एका फुलमाळ्याची लेक, लहानपणीच विधवा झालेली, केस काढायची वेळ आली तेव्हा घरातून निघून आलेली. वगात ती पाटलीण होई, राणी होई, कधी सासू होऊन पोट दुखेपर्यंत हसवी. पण लोक यायचे ते एका गोष्टीसाठी. बोलता बोलता ती थांबायची. समोर नजर टाकायची. आणि मग डावी भुवई, फक्त डावी, केसभर वर जायची. झालं. अडते, दलाल, पाटील, गाडीवान, सगळे एकदम गार. प्रत्येकाला वाटायचं, बाईनं आपल्याकडेच पाहिलं.

घरंदाज बायका फडाला येत नसत. पुरुष घरी काय सांगून येत ते त्यांचं त्यांना माहीत. कोणी कीर्तनाला गेलेला असे, कोणाची गाडी बडनेऱ्याच्या वाटेवर मोडलेली असे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

बाजारात सरकी काढायचे रेचे दिवसभर चालत आणि रुईचा बारीक धूर हवेत तरंगत राही. तो तिनं दोन हंगाम गिळला. तिसऱ्या हंगामात ऐन लावणीत तिचा आवाज फाटला तो फाटलाच. फडमालकानं आठ दिवसांत दुसरी बाई आणली. मी कळवळून काही बोलायला गेलो तर म्हणाली, "गळा गेला, कागद्या. हात तं हायत न?" मला ती कागद्या म्हणायची. कागदावरच खातो आणि कागदावरच लिहितो, म्हणून.

हात तिचे खरंच होते. फडातल्या गणपतीची सोंड, राक्षसाचं तोंड, सगळे मुखवटे तीच करी. त्यासाठी माती यायची अकोल्याहून, दौलतबाबा नावाच्या म्हाताऱ्या कुंभाराकडून. त्याला मूलबाळ नव्हतं, बायको गेलेली. तुळसाबाई एका गाडीत बसून थेट त्याच्या दारात उतरली. जाहिरातींना कंटाळून मीही मागोमाग गेलो.

बाबा दारातच आडवा आला. "बाई, चाकाले बाईमाणसानं हात लावू नाई. आमच्यात चालत नाई."

"चाक तुमचं राहू द्या, बाबा. मले माती द्या."

"अन् करशीन काय?"

"देव."

म्हातारा हसला. "देवाले बाईचा हात चालते अन् चाकाले नाई, असं म्हणतं काय?"

"म्या कुठं म्हणलं? तुमीच म्हणून राहिले."

तिला राहायला मागची पडवी मिळाली.

आता धंदा सांगतो, कारण याच गोष्टीवर पुढे खोटं बोललं गेलं. महालक्ष्म्या म्हणजे दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. धड कोठ्यांचं किंवा उतरंडीचं, त्यावर लुगडं नेसवायचं आणि वर मुखवटा. मुखवटा दरवर्षी तोच, म्हणून तो टिकाऊ हवा. मोर्णेची चिकणमाती वस्त्रगाळ करायची. तिच्यात पिंजलेली रुई घालायची, म्हणजे तडा जात नाही. बाभळीचा डिंक घालायचा. मग पायानं नाही, हातानं मळायचं, कणीक मळतो तसं. तेजीच्या दिवसांत रुईला हात लावणं कठीण, तेव्हा आम्ही बाजारातल्या गाड्यांच्या चाकांना चिकटलेले पुंजके वेचून आणत असू. साच्यात थापून सावलीत वाळवायचं, बांबूच्या कामटीनं नाकडोळे साफ करायचे. वर खडूचा हात, चिंचोक्याच्या खळीत कालवलेले रंग, ओठांना हिंगूळ, डोळ्यांना काजळ. बस. आणखी काही नाही. चार वर्षं ती माती मी मळली आहे.

हे कोणीही करील. तिचं वेगळं होतं ते असं: साचा करण्याआधी ती तो चेहरा स्वतः करायची. थोरली बहीण करायची तर समोर पाहुणे आलेत आणि घरात सगळं वेळेवर आहे, अशा समाधानानं बसायची. तो भाव तोंडावर आला की चिखलाच्या बोटांनी स्वतःचा गाल, हनुवटी, ओठांचे कोपरे चाचपायची आणि लगेच ती बोटं मातीवर. आरसा नाही. तिच्या गालांवर कायम वाळलेली माती असायची. दौलतबाबा म्हणायचा, "बाई, तोंड धू, माणूस येऊन राहिला," आणि ती म्हणायची, "थांबा, अजून कान राहिले."

पण एक नियम कडक होता. घडवलेला चेहरा जरा जरी तिच्यासारखा दिसला, तर ती तो दाबून गोळा करायची. "माहं तोंड चाचपायपुरतं," म्हणायची. "मातीत उतरलं तं गेलो आपण." भुवया रंगवायचं काम माझं. त्यांबद्दल तिचं बजावणं एकच: दोन्ही सारख्या, ताणलेल्या दोरासारख्या.

गिऱ्हाइकं काय काय आली! एका अडत्याला गणपती हवा होता तो पाटावर बसलेला नाही, रुईच्या गासडीवर बसलेला. तुळसाबाई शांतपणे म्हणाली, "करतो. पण भाव पडला तं देव खाली पडन, मंग मले सांगू नका." गणपती पाटावरच बसला. एका खेड्यातली बाई चार कोस चालून आली. तिला धाकटी महालक्ष्मी थोरलीपेक्षा देखणी नको होती. का, विचारलं तर म्हणाली, "घरी धाकटी जाऊ हाय माही. आधीच लय चढली."

आणि भुलाबाईच्या, म्हणजे पोरी गाणी म्हणत मातीची पार्वती आणि तिचा भुलोजी शंकर बसवतात त्या सणाच्या, वेळच्या पोरी. महिनाभर आधीच अंगणात झुंड. एक पोर म्हणाली, "आत्या, तुमचा भुलोजी रुसल्यावानी दिसते." तुळसाबाईनं हातातली माती ठेवली आणि भुलोजी कसा रुसतो, कसा हसतो, भांग पिऊन कसा बसतो, ते सगळं करून दाखवलं. पोरी लोळल्या. दौलतबाबा चाक थांबवून बघत राहिला. मग ती पोरींकडे वळून म्हणाली, "आता सांगा, कोणता पाह्यजे?" त्या वर्षी अकोल्यातल्या भुलोजींची तोंडं घरोघर निराळी होती. असं काही आता दिसत नाही. साच्यातून सटासट काढलेले असतात, सगळे एकाच आईचे.

लढाई संपली, भाव कोसळला, रेशमी उपरणी पेटीत गेली. पण महालक्ष्म्या बसायच्या थांबत नाहीत. उलट बायका म्हणू लागल्या, घरात बरकत नाही, मुखवटे नवे करू. मागणी वाढली. आणि नेमकी त्या भाद्रपदाच्या तोंडावर तुळसाबाई हिवतापानं पडली. साचे तिनं आधीच करून ठेवले होते. थापायचं, वाळवायचं, रंगवायचं मी आणि बाबानं केलं.

आता माझी चूक. पहिल्याच जोडीतल्या धाकटीला भुवया काढताना माझा हात डावीकडे जरासा वर गेला. पुसणार होतो. पण मुखवटा एकदम जिवंत झाला. जणू धाकटी आता काही तरी बोलणार, आणि थोरलीनं गप्प राहा म्हणून दटावलेलं आहे. मला वाटलं, हे माझ्या हातचं. माझी कला. घ्यायला आलेली बाई तर नाचायचीच राहिली. "अगं माय, धाकटी बोलून राहिली न!" दुसरीनं तशीच मागितली. तिसरीनंही. त्या वर्षी मी काढलेल्या सगळ्या धाकट्यांची डावी भुवई केसभर वर होती. बाई पडवीत घोंगडीत काकडत होती. तिला एकही जोडी दाखवली नाही. त्रास कशाला द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं.

ती भुवई मी कुठून आणली, हे तेव्हा मला खरंच कळलं नाही. तीन हंगाम फडाच्या कडेला उभा राहून मी रोज तीच तर पाहत होतो.

जेवणाच्या दिवशी सकाळी कापसाचे मोठे अडते आबाजीपंत यांच्याकडून बोलावणं आलं. धाकटीच्या नाकाचा टवका उडाला होता. मी जाऊन बसवला. आबाजीपंतांची आई, सगळं गाव तिला जिजी म्हणतं, मला म्हणाली, "रंगाऱ्या, उपाशी जाऊ नको. शेवटच्या पाटावर बस." बसलो.

पंगतीला सगळा कापूसबाजार. समोर दोघी महालक्ष्म्या, अंगभर दागिने, पुढे आंबील, पुरण, सोळा भाज्या. पहिला घास घ्यायच्या आधी माणूस देवीकडे बघतोच. एकानं बघितलं. त्याचा हात कढीच्या वाटीतच राहिला. शेजाऱ्यानं का म्हणून वर बघितलं, तोही तसाच. ओळीनं एकेक डोकं वर गेलं आणि एकेक खाली आलं, ते परत वर झालंच नाही. तेव्हा मी वर पाहिलं. आणि फडातली तुळसाबाई मला दिसली.

जिजी वाढत होती. "काहून रे, पुरण गोड नाई झालं काय?"

तेल्हाऱ्याकडचा एक पाटील, भोळा माणूस, एकदम म्हणून गेला, "जिजी, हे तोंड म्या पायलं हाय!"

"कोठं पायलं?"

पाटलानं आबाजीपंतांकडे पाहिलं. आबाजीपंतांनी पाटलाकडे असं पाहिलं की मला वाटलं, पान जळेल.

"सपनात," पाटील म्हणाला.

जिजीनं पळी खाली ठेवली आणि त्या पाटलाला हात जोडले. "पुण्यवान हायस बापा. आमाले नाई दिसली कधी."

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही. पान न संपवता पंगत उठली. ओट्यावर पुरुष जमले आणि हलक्या आवाजात बोलले. ओळखलं म्हणावं तर कुठे पाहिलं ते सांगावं लागेल. घरात राहू द्यावं तर दरवर्षी तीन दिवस ती भुवई बायकांच्या पुढ्यात आपल्याकडे बघणार. मग वाट निघाली. मुखवट्याचं बोलायचंच नाही, मातीचं बोलायचं. आबाजीपंत आत जाऊन आईला म्हणाले, "माती बाटलेली हाय. त्या बाईनं हाडाचा चुरा कालवला. मुखवटे नदीत सोडा." आणि ते सगळे, विडे चघळत, मोर्णेकाठी निघाले. मी मागून.

दौलतबाबा साचे उन्हाला लावत होता. आबाजीपंतांनी आरोप सांगितला. म्हातारा उठून उभा राहिला. "माती माही हाय, मोर्णेची. बाटली असन तं नदी बाटली. मंग पाणी कोठलं पेता तुमी?"

तेवढ्यात घोंगडी गुंडाळून तुळसाबाई पडवीतून बाहेर आली. तापानं डोळे लाल. तिनं त्या सगळ्यांना पाहिलं. ओळखीची तोंडं होती ती.

"सगळे आले काय?" ती म्हणाली. फाटलेल्या आवाजात. "मागची ओळ दिसून नाई राहिली. बसा न, उभे काहून?"

आणि तिनं भुवई वर केली.

माझ्या डोळ्यांसमोर झालं हे. अख्ख्या कापूसबाजारानं माना खाली घातल्या. एक क्षण मला वाटलं, जिंकलो. पण आबाजीपंतांनी मान वर न करताच माझ्याकडे बोट केलं. "हा इथंच काम करते न. सांग रे, मातीत हाडं हायत का नाई?"

मी पत्रकं लिहिणारा. खोट्या सोवळ्यावर मोठी अक्षरं काढणारा. पत्रकं तेव्हा नुकतीच सुरू केली होती, माझ्या खिशात एक ताजं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं: रुई, डिंक, चिकणमाती, मीच मळली. आणि दुसरं: भुवई मी काढली. दुसरं सांगावं लागेल या भीतीनं मी पहिलंही गिळलं.

"मले मालूम नाई," मी म्हणालो. "मी रंग देतो फक्त."

पुरे होतं. साचे फोडले. वाळत घातलेली तोंडं नदीत गेली. आबाजीपंतांनी बाईला उद्या सूर्य उगवायच्या आत अकोलं सोडायला सांगितलं, आणि बाबाला, तिला ठेवली तर तुझी मडकी कोणी घेणार नाही म्हणून बजावलं. बाबानं तोंड उघडलं तेव्हा तिनंच त्याला खूण केली, गप्प.

माणसं गेल्यावर आम्ही तिघं खापऱ्या गोळा करत बसलो. एक धाकटी अर्धी वाचली होती, डावा अर्धा. रंग झालेली. तुळसाबाईनं ती उचलली, उन्हाकडे धरली. बराच वेळ बघितलं.

"कागद्या, हे भुवई म्या नाई सांगतली."

"नाही, बाई."

"तुही?"

"हो."

मला वाटलं, आता फेकून मारील. मारायला हवं होतं. ती म्हणाली, "चार वर्सं मी ते तोंड पुसून राहिली. तू एका काडीनं परत आणलंस." मग अंगठा भुवईवरून फिरवला. "चांगली काढली लेका. माह्यापेक्षा चांगली."

दुसऱ्या दिवशी दौलतबाबानं तिला गाडीत बसवलं. त्याआधी त्यानं तिला चाकाजवळ नेलं, तिचा हात धरला आणि चाकावर ठेवला. ती रडली ती तेवढ्याच वेळी. पुढच्या पावसाळ्याच्या आत म्हातारा गेला.

ती आता बडनेऱ्याला आहे. रेल्वेच्या कामाला विटा लागतात. ती विटा थापते. मी गेलो होतो, क्षमा मागायला. विटांच्या ओळी वाळत होत्या, आणि ती त्यांच्यामधून वाकून चालत होती. गालावर माती नव्हती, ते मला फार लागलं. मी म्हटलं, बाई, परत सुरू करू, मी सगळ्यांना खरं सांगतो. ती म्हणाली, "इटेले तोंड नसते, कागद्या. कोणी ओयखत नाई. बरं हाय." मग, मी निघताना, मागून: "सांगशीन तं मातीचं सांगजो. भुवईचं राहू दे. मातीत म्या कधी खोट केली नाई." तिला ते लागलं होतं. तमासगीर म्हटलेलं तिनं जन्मभर ऐकलं; खोट्या मालाची म्हटलेलं कधीच नाही.

मी पत्रक लिहिलं. छापखानेवाल्यानं वाचलं, आणि तो दगडावर घेईना. फडात पहिल्या ओळीला तो असायचा.

पण गेल्या महिन्यात जिजीनं मला बोलावून घेतलं. आबाजीपंत गावाला गेले होते. म्हातारीनं ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि लुगड्यात गुंडाळलेली धाकटी बाहेर काढली. भुवई तशीच. "नदीत सोडली म्हणून सांगतलं आबाले," ती म्हणाली. "कशी सोडू? हे माह्याकडं पायते. साऱ्या बायांनी लपवल्या हायत, कोणाच्या मडक्यात, कोणाच्या कोठीत. पण बसवता येत नाई. बाटलेली म्हणतात न." मग जवळ येऊन: "खरंच हाडं हायत काय रे?"

मी या वेळी बोललो. सगळं बोललो. भुवईचंही, बाईनं नको म्हटलं होतं तरी. जिजी धाकटीला पुन्हा लुगड्यात गुंडाळू लागली. मग म्हणाली, "म्हणजे पाटलाले सपन नव्हतं पडलं." आणि ती कणगीत ठेवता ठेवता: "मले काहून सांगून राहिला तू? माह्या पोराले सांगाले सांग."

म्हणून हे लिहिलं. माझं खोटं मी इथे माघारी घेतो: मातीत मोर्णेची चिकणमाती होती, रुई होती, बाभळीचा डिंक होता, दुसरं काही नव्हतं. पण माझा एकट्याचा शब्द पुरत नाही. अकोल्यातल्या, अमरावतीतल्या, तेल्हाऱ्यातल्या, त्या फडापुढे बसलेल्या प्रत्येक पुरुषाला मी हे सांगतो. तुमच्या घरातली धाकटी कोठीतून काढा. येत्या भाद्रपदात तिला थोरलीशेजारी बसवा. आणि पाटावर बसण्याआधी तुमच्या आईकडे, बायकोकडे, सुनेकडे तोंड करून, डोळे खाली न घालता सांगा, हा चेहरा तुम्ही कुठे पाहिलात. मग जेवा.